‘क्लब आता देत नाही’: बंद पडत चाललेला रमी क्लब आणि तिथे बसणारे बाबा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ६८, घर अजनीला. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतरची आठ वर्षं जवळपास रोज, ते दुपारी तीनला जुन्या नागपुरातल्या एका रमी क्लबात जातात आणि रात्री आठ-साडेआठला परततात. एके काळी तिथे बारा टेबलं लागायची, आता जेमतेम दोन लागतात. बाबा हल्ली चिडचिडे झालेत. ‘क्लब आता देत नाही’ असं म्हणतात, तरी जातात. मालकाने जुन्या मेंबरांकडे क्लब सावरण्यासाठी प्रत्येकी दोन लाख मागितलेत आणि बदल्यात रोजच्या कटात, म्हणजे क्लब डावातून काढतो त्या टक्क्यात, हिस्सा कबूल केलाय. बाबा एफडी मोडायला निघालेत. आई म्हणते, होऊ दे बंद, एकदाची पीडा टळली. आणि तुम्ही विचारताय, आम्ही आनंद मानायचा की काळजी करायची?

मी नागपुरात २२ वर्षं व्यसनमुक्तीचं समुपदेशन करतो. दारूची आणि खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) माणसं जास्त येतात, पण पत्ते, सट्टापट्टी (आकड्यांचा जुगार), क्रिकेटचा सट्टा आणि आता मोबाइल यांत अडकलेलीही पुष्कळ पाहिली. जो अड्डा किंवा क्लब बुडतोय त्याच्या मेंबरांची एक वेगळीच अवस्था असते. तुमच्या पत्रात ती ओळीओळीत दिसली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोन लाखांचं, कारण ते तातडीचं आहे. देऊ नका. रमी क्लबवाले सर्वोच्च न्यायालयाचा १९६८ चा निकाल नेहमी पुढे करतात. सिकंदराबादच्या एका क्लबाचं ते प्रकरण होतं. रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता पत्ता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं, म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं न्यायालयाने म्हटलं. इथपर्यंतचा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच निकालात पुढे असंही आहे की जागेचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा लागू शकतो. बसण्याची माफक फी ही एक गोष्ट, डावातून टक्का काढणं ही दुसरी. आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात कलम ५ अड्ड्यावर सापडलेल्यांसाठी आहे आणि कलम ४ अड्डा चालवणाऱ्यांसाठी. या कलम ४ मध्ये एकटा मालक येत नाही. खेळणाऱ्यांना खेळासाठी पैसा पुरवणाराही त्यातच धरला जातो आणि तिथली शिक्षा जास्त आहे. आज बाबा खेळायला जाणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत. कटात हिस्सा घेतला की उद्या धाड पडल्यावर त्यांचं नाव वेगळ्या कागदावर येईल. हे त्यांना तुम्ही सांगू नका. ओळखीच्या वकिलाकडे घेऊन जा आणि वकिलाच्या तोंडून ऐकू द्या. मुलीने सांगितलं की तो विरोध वाटतो, वकिलाने सांगितलं की ती माहिती वाटते.

आता ‘क्लब देत नाही’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एखादा माणूस पहिल्यांदा बोलायला बसला तरी ते कधी येणार याचा मला अंदाज असतो. ‘पहिले क्लब देत होता नं भाऊ. आता हात लावला की जाते.’ कोणी म्हणतं, मालकाचा पोरगा बसायला लागल्यापासून बरकत गेली. कोणी म्हणतं, जागा बदलली, टेबलाचं तोंड दक्षिणेला झालं. एकाने मला सांगितलं होतं की क्लबाने पत्त्यांचा ब्रँड बदलला तेव्हापासून त्याला जोकर येत नाही. घरच्यांना ही वेड्यासारखी बडबड वाटते. मला तशी वाटत नाही. या तक्रारीत एक खरी गोष्ट दडलेली आहे. ती माणसाला हिशेब मांडून दाखवली, तर अनेकदा पहिल्यांदा त्याच्या डोक्यात उजेड पडतो.

हिशेब असा. सहा जणांचं टेबल. पूल लावायचा, प्रत्येकी ५०० रुपये. टेबलावर ३००० जमले. क्लबाचा कट दहा टक्के, म्हणजे ३०० गेले, जिंकणाऱ्याला २७००. जुनी माणसं या कटाला नाल म्हणतात. संध्याकाळी असे चार पूल झाले तर १२०० रुपये टेबलावरून उठून मालकाच्या गल्ल्यात गेले. ते कोणी हरलं नाही, कोणी जिंकलंही नाही, ते फक्त गेले. सहा जणांत वाटले तर माणशी २००. महिन्याचे २५ दिवस धरले तर माणशी ५०००, वर्षाला ६०,०००. सहाही जण सारखेच हुशार असतील, तर सहाही जण वर्षाला साठ-साठ हजार हरणार. पत्ते कसेही येवोत.

मग बाबा इतकी वर्षं ‘बरोबरीत’ कसे राहिले? ते तसं म्हणत असतील आणि बहुधा खोटं बोलत नसतील. बारा टेबलं होती तेव्हा क्लबात नवखी माणसं यायची. लग्नाला आलेले पाहुणे, कामासाठी चंद्रपूर-गोंदियाहून आलेले, बोनस मिळालेली पोरं, पोळ्याच्या दिवसांत हौसेने बसणारे. (पोळा आणि पत्ते यांचं आपल्या विदर्भात काय नातं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. दरवर्षी पोळ्याच्या सुमारास जुगारावरच्या धाडींच्या बातम्या येतात.) या नवख्यांना पॅक कधी करायचं, म्हणजे डाव कधी सोडायचा, ते कळत नाही. हातात सिक्वेन्स, म्हणजे ओळीने लागलेले पत्ते, नसताना ते शेवटपर्यंत बसून राहतात. त्यांचा पैसा मुरलेल्या खेळाडूंकडे यायचा आणि बाबांसारख्यांचा कट त्यातून भरून निघायचा. म्हणजे ‘क्लब देत होता’ याचा अर्थ नवखे देत होते. क्लब तेव्हाही घेतच होता.

आता नवखे येत नाहीत. दोन टेबलांवर तेच बारा जण, सगळे मुरलेले, एकमेकांच्या सवयी तोंडपाठ. पैसा या खिशातून त्या खिशात फिरतो आणि प्रत्येक फेरीत त्यातला एक तुकडा टेबलावरून नाहीसा होतो. त्यात मालकाची अडचण. बारा टेबलं असताना वरच्याच हिशेबाने त्याला महिन्याला तीन लाख साठ हजार सुटायचे. दोन टेबलांत साठ हजार. जागेचं भाडं, दोन पोरांचा पगार, चहा, उन्हाळ्यात एसीचं बिल, यांत साठ हजार कुठच्या कुठे जातात. मग तो कट दहावरून पंधरा करतो. माणशी महिन्याला ५००० चे ७५०० होतात. खेळणाऱ्यांना हे टक्के दिसत नाहीत, त्यांना ‘हात लागत नाही’ एवढंच जाणवतं. त्यातला एखादा थकून यायचा बंद होतो आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. बुडणाऱ्या क्लबात सर्वात जास्त नुकसान सर्वात निष्ठावान मेंबराचं होतं, कारण शेवटपर्यंत तोच बसलेला असतो.

मालकाने मागितलेले दोन लाख या हिशेबात ठेवून पाहा. बाबांना हिस्सा मिळणार तो कटातून. कट येणार उरलेल्या बारा जणांच्या खिशातून, आणि त्या बारांत बाबा स्वतः आहेत.

नागपुरात रीतसर कॅसिनो असता तर असं झालं नसतं, निदान सगळं कायद्यात असतं, असंही काही खेळणारे मला सांगतात. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ साली झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्दच केला. गोव्याचं वेगळं. तिथे १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची मशीन आली आणि १९९६ नंतर जहाजांवर टेबलं. नागपूरचे टोळकं करून तिकडे जाणारे मी पाहिलेत. पण आकडे तेच सांगतात. एका शून्याच्या रूलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, ३७ घरं असतात आणि आकडा लागला तर एकाचे ३५ मिळतात, लावलेला एक परत. म्हणजे सरासरी शंभरामागे दोन रुपये सत्तर पैसे घराचे. आपल्या क्लबातला दहा टक्के कट त्याच्या तिपटीहून जास्त आहे. रूलेटमध्ये चाक दर मिनिट-दोन मिनिटांनी फिरतं म्हणून तिथे माणूस एका रात्रीत साफ होतो आणि इथे आठ वर्षं लागतात, एवढाच फरक.

हे झालं पैशाचं. पण ताई, बाबा चिडचिडे झालेत ते मला पैशामुळे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांचा क्लब बंद होणार होता. शेवटच्या आठवड्यात ते मला म्हणाले, ‘एकदा या नं पाहाले. तुम्ही नेहमी विचारता काय आहे तिथं.’ मी सहसा जात नाही, त्या दिवशी गेलो. मे महिना, बाहेर आग ओकणारं ऊन. जिना चढून वर एक लांबट खोली, खिडक्यांना काळे कागद, खसच्या ताट्यांचा ओला वास. आठ टेबलं, त्यातल्या सहांवर चादरी टाकलेल्या. हिरव्या कापडावर सिगारेटचे गोल डाग. कोपऱ्यात एक पोरगा प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत बसलेला, घासल्याचा तो करकर आवाज सगळ्या खोलीत. त्या गृहस्थांनी मला त्यांची खुर्ची दाखवली. लाकडी, जुनी, डाव्या हाताची दांडी इतकी गुळगुळीत झालेली की वरचा रंग जाऊन खालचं लाकूड चकाकत होतं. म्हणाले, ‘हे मी घासलं. अकरा वर्षं.’ मग त्यांनी चहा सांगितला आणि पोऱ्याने न विचारता बिनसाखरेचा आणला. घरी त्यांच्या सुनेला त्यांना साखर झाल्याचं माहीत नव्हतं. त्या पोऱ्याला होतं.

मी त्या खोलीतून बाहेर आलो तो माझं आधीचं मत बदलून. तोवर मी घरच्यांना सांगायचो, अड्डा बंद झाला की अर्धं काम झालं. आता नाही सांगत. निवृत्त माणसाला रोज ठरलेल्या वेळी वाट पाहणारी माणसं, नावाने हाक, स्वतःची खुर्ची, थोडी चुरस, थोडं भांडण, आणि ‘काल काहून नाही आले’ असं विचारणारं कोणीतरी, हे सगळं एका जिन्याच्या वर मिळत होतं. किंमत फार मोठी होती, पण मिळत होतं ते खरं होतं. ते जातंय तेव्हा माणूस शोक करतो. आईंनी ‘पीडा टळली’ म्हटलं की तो शोक घरात उघडपणे करायची सोय उरत नाही. मग तो पुन्हा क्लबातच जाऊन करतो, उरलेल्या अकरा जणांबरोबर. त्या अकरा जणांचं एकमत झालेलं असतं की क्लब वाचवला पाहिजे. दोन लाखांची कल्पना अशा खोलीत जन्माला येते. तिथे ती शहाणपणाची वाटते, माणुसकीचीही वाटते.

म्हणून माझी पहिली विनंती आईंना आहे. रागावण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. आठ वर्षांचे पैसे आणि आठ वर्षांच्या संध्याकाळी गेल्यात. पण पुढचे दोन-तीन महिने बाबांसमोर क्लब बंद होण्याचा आनंद बोलून दाखवू नका.

दुसरी काळजी याहून मोठी आहे. क्लब बंद पडला म्हणून खेळ बंद पडत नाही. मुंबईत साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालणारा आकडा गेला आणि मडक्यातून चिठ्ठी काढायचा मटका आला. मटक्यावर पोलिसांनी दाब आणला तेव्हा खेळणारा लॉटरीकडे वळला, तिथून क्रिकेटकडे. आपल्याकडे लगवाडी-खायवाडी (सट्ट्यात पैसे लावणं आणि ते घेणं) हे शब्द शाळकरी पोरांनाही कळतात, यातच सगळं आलं. रमीचं तसंच झालं. २०२० च्या टाळेबंदीत क्लबांना कुलपं लागली, तेव्हा तरुण मेंबर फोनवर गेले आणि परत आलेच नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशाच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तरी ते खेळले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाचे ऑनलाइन खेळच बंद करणारा कायदा केला आणि नावाजलेल्या ॲपनी आपले पैशाचे खेळ थांबवले. काहींची सुटका झाली, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांत पाहिलं. पण काही जण दुसऱ्या वाटेला लागले. कोणाकडून तरी ‘आयडी’, म्हणजे खेळायचं खातं, घ्यायचा, पैसे तिसऱ्याच्याच खात्यात टाकायचे, खेळ परदेशातून चालणाऱ्या साइटवर. तिथे जिंकलात तरी पैसे मिळतील याची शाश्वती नाही आणि तक्रार करायला तोंड नाही. २०२३ मध्ये नागपूरच्याच एका व्यापाऱ्याने अशा ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गमावल्याची तक्रार पोलिसांत केली होती. एवढा पैसा असलेला, हिशेबात मुरलेला व्यापारीसुद्धा अडकला.

क्लबात निदान काही आपोआप लागणारे ब्रेक होते. आठला खोली बंद व्हायची. खिशातले पैसे संपले की उठावं लागायचं. शेजारचा म्हणायचा, ‘बस झालं आता, जा घरी.’ फोनला यातलं काहीच नाही. रात्री दोन वाजता पांघरुणात खेळता येतं. म्हणून बाबांच्या हातात पहिल्यांदाच नवा स्मार्टफोन दिसला, क्लबातलं कोणी ‘आपण सगळे फोनवरच टेबल लावू’ म्हणत असल्याचं कानावर आलं, तर ते कौतुकाने घेऊ नका. यूपीआयची दिवसाची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्या, बाबांच्या संमतीने. पेन्शनचं खातं आणि रोजच्या खर्चाचं खातं वेगळं करा. फोन हिसकावणं वगैरे करू नका, त्याने काही होत नाही.

तिसरी गोष्ट घरच्यांना नेहमी उशिरा कळते, म्हणून स्पष्ट लिहितो. क्लब बुडायला लागला की उधारी बाहेर येते. चालू असताना खातं चालतं. मालक म्हणतो, ‘देसान नं भाऊ, कुठं पळून चालले.’ बंद करायची वेळ आली की तोच वसुलीला निघतो, किंवा ते खातं तिसऱ्याच कोणाला देतो, आणि तो तिसरा तुमच्या दारात उभा राहतो. बाबांना शांतपणे, एकट्यात, एकदाच विचारा: क्लबाचं किंवा तिथल्या कोणाचं देणं आहे का, आणि कुठे कोरा चेक किंवा सही केलेला कागद दिलाय का? ‘कितीही असलं तरी मी ओरडणार नाही’ असं आधी सांगा आणि मग खरंच ओरडू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार निरर्थक ठरवतं, अशा पैशासाठी कोर्टात दावा चालत नाही. पण रमीला पैज म्हणायचं की कौशल्याचा खेळ, यावर समोरचा वकील वाद घालू शकतो, आणि कोऱ्या चेकवर उद्या कोणताही आकडा टाकून तो वटवायला टाकला तर खटल्याची पायपीट तुमच्या मागे लागेल. म्हणून चेकचे नंबर लिहून घ्या आणि वकिलाला दाखवा. कोणी परवाना नसताना व्याजाने पैसे देऊन छळत असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. दागिने विकून गुपचूप देणं फेडू नका. अशी परस्पर फेडलेली देणी मी अनेक घरांत पाहिली आणि त्यांतल्या बहुतेक घरांत वर्षभरात दुसरं देणं उभं राहिलं.

आता बाबांना आजार आहे की नुसती सवय? पत्रावरून मी निदान करणार नाही, पण तुम्हाला काय पाहायचं ते सांगतो. जुगाराचं व्यसन हा मानसिक आजार म्हणून मान्य आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीत तो दारू आणि इतर व्यसनांच्या शेजारी ठेवलाय आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. त्या २०१३ च्या नियमावलीत नऊ लक्षणं आहेत, त्यातली चार किंवा जास्त एका वर्षात दिसली तर निदान होतं. त्यातली सात साध्या भाषेत विचारायची तर: आधीपेक्षा मोठे डाव लागतात का? थांबायचं ठरवून थांबता आलं नाही, असं झालं का? जाता आलं नाही त्या दिवशी जीव कासावीस होतो का? मन उदास असलं की पाय तिकडेच वळतात का? काल गेले ते आज वसूल करायला जातात का? खोटं सांगतात का, किती नेले आणि किती आणले? कोणाकडे पैसे मागावे लागले का? तुमच्या पत्रात मला यातली दोन तरी दिसतात, बाकीची तुम्ही पाहा. वसुलीसाठी परत जाणं हे माझ्या अनुभवात सगळ्यात बोलकं लक्षण आहे. हौसेने खेळणारा हरला की वैतागतो आणि दोन दिवस जात नाही. अडकलेला हरला की लवकर जातो.

एक प्रश्न जो कोणी विचारत नाही: बाबांना हात थरथरण्यासाठी, म्हणजे कंपवातासाठी, गोळ्या चालू आहेत का? प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातल्या औषधांनी काही रुग्णांत जुगाराची ओढ अचानक वाढते, हे वैद्यकात चांगलं माहीत आहे. कुटुंब माणसाला दोष देत बसतं आणि कारण गोळीत असतं. अशी गोळी असेल तर स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना जुगाराबद्दल सांगा.

एक वही सुरू करायला सांगा. रोज तीन रकाने: तारीख, नेले, आणले. महिनाभर. यावर कोणी काही बोलायचं नाही, घरात शपथ घ्या. मी ही वही जवळपास प्रत्येकाला लिहायला लावतो. एका निवृत्त मास्तरांनी त्यांची स्वतःची जुनी डायरी मला आणून दाखवली, फार सुंदर अक्षर. जिंकलेल्या दिवशी निळ्या शाईत आकडा, ‘+१८००’, ‘+६५०’. मधल्या दिवशी नुसतं ‘गेलो होतो’. तीन-चार पानं उलटली, ‘गेलो होतो’, ‘गेलो होतो’, ‘गेलो होतो’, मग ‘+९००’. मी त्यांना काही म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच पानं मागे-पुढे केली, चष्मा काढला आणि बराच वेळ डायरी मांडीवर ठेवून बसले. ते पुढे सुटले. वेळ लागला, मध्ये दोनदा पाय घसरला, पण सुटले. हरलेल्या दिवसाला आकडा द्यायला लागणं, ही त्यांची सुरुवात होती.

आणि तीन ते आठ ही वेळ. ती मोकळी सोडू नका. ‘बागेत फिरून या’ म्हणणं पुरेसं नाही, क्लबात त्यांना जे मिळत होतं ते बागेत एकट्याने फिरून मिळत नाही. त्यांना वाट पाहणारी माणसं लागतील आणि थोडी चुरस लागेल. बुद्धिबळ, कॅरम, ब्रिज, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, नातवाची शिकवणी, जे जमेल ते, पण ठरलेल्या वेळी आणि तिथे बाबांवाचून कोणाचं तरी अडेल असं. घरी बिनपैशाची रमी चालेल का, असं तुम्ही विचाराल. वरच्या प्रश्नांची दोन-तीनच उत्तरं होकारार्थी आली तर चालेल, त्या अकरांतले तिघे-चौघे घरी बोलवा, आईंना चहा करायचा कंटाळा येईल तरी. चार किंवा जास्त आली तर सध्या पत्ते घरात नकोत, चणे-फुटाण्यांवरसुद्धा नकोत.

बाबा ‘आता काय राहिलं’, ‘माझं संपलं’ असं बोलू लागले, झोप गेली, जेवण तुटलं, तर ते क्लबाचं दुःख म्हणून सोडून देऊ नका. देणं आणि लाज एकत्र आली की या वयाची माणसं टोकाचं पाऊल उचलू शकतात. त्या क्षणी एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानसची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. उपचारासाठी मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत, मानसोपचाराची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन चिठ्ठी काढा. बोलण्याच्या उपचारांचा या व्यसनात चांगला उपयोग होतो. ओढ फार असेल तर नाल्ट्रेक्झोनसारखी गोळी डॉक्टर विचारात घेतात. ते त्यांनाच ठरवू द्या.

माझ्याकडे यायचं असेल तर दुपारी तीनची वेळ घ्या, मुद्दाम तीनची. बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणा आणि वही सुरू झाली असेल तर ती. एफडीची पावती आईंच्या कपाटात राहू दे. पहिल्या भेटीत मी पैशाबद्दल काही विचारणार नाही. क्लबात त्यांची खुर्ची कोणती होती आणि शेजारी कोण बसायचं, तेवढं विचारेन. त्याला तासभर लागतो.